वॉचमनवर 'वॉच'

डोंबिवलीत टू बीएचके आणि मुरबाडकडे फार्महाऊस, ही ठाणे जिल्ह्यातल्या सुखवस्तू माणसाची आताची ओळख. फार्महाऊस म्हणजे वीस-पंचवीस गुंठे जमीन, आंब्याची थोडी कलमं, एक झोपाळा आणि खांबांवर चार कॅमेरे. सकाळची लोकल दिव्याच्या अलीकडे रखडली की गर्दीत अंग चोरून उभा असलेला मालक मोबाइलवर शेत उघडतो. कलमांना पाणी घातलं का, हे त्याला तिथून बघायचं असतं. दिसतं मात्र एवढंच : 'डिव्हाइस ऑफलाइन'.

मग फोन जातो वॉचमनला.

"अरे, तो राउटरचा डबा बंद करून परत चालू कर."

"केला शेठ. लाइटच नाय."

लाइट संध्याकाळी येते, चित्र दिसतं, पण धूसर. "दोन नंबरवर जाळं आलंय. शिडी लाव आणि पूस." वॉचमन पुसतो. दुपारी झोपतो, पाहुणे आणतो, पाणी घालत नाही, या संशयावरून हे कॅमेरे लागलेले असतात ते त्याच्यावरच नजर ठेवायला. ती नजर स्वच्छ ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच. पगारात मात्र या कामाचा एक रुपया धरलेला नसतो.

जाळ्याचा दोष कोळ्याला देण्यात अर्थ नाही. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या काचेभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. त्यांच्या आसपास किडे घोंघावतात आणि किड्यांमागे कोळी येतो. त्याने जाळं नेमकं काचेसमोर विणलं आणि ते वाऱ्याने हललं, की यंत्राला वाटतं माणूस आला. रात्रभर मोबाइल केकाटत राहतो : 'हालचाल आढळली'. तीन रात्रींनी मालक कंटाळून सूचना बंद करतो. चोर चौथ्या रात्रीचा मुहूर्त धरतो.

शेतात कॅमेरा लावणं ही निव्वळ शहरी हौस आहे, असंही नाही. 2023च्या ऑगस्टमध्ये टोमॅटोचे भाव गगनाला भिडले, तेव्हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या शहापूर बंजर इथल्या एका शेतकऱ्याने चोरी झाल्यावर 22 हजार रुपये खर्चून शेतात सौरऊर्जेवर चालणारा कॅमेरा बसवला. बावीस-पंचवीस किलोचं क्रेट तेव्हा तीन हजारांना जात होतं. आठ क्रेट वाचले की कॅमेरा फिटला, असा सरळ हिशेब. फार्महाऊसवाल्याचा हिशेब असा जमत नाही, कारण त्याच्या शेतातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे कॅमेरेच. चोर तेच काढून नेतो. जरा शहाणा असेल तर घरातला डीव्हीआरही उचलतो; त्याचं स्वतःचं चित्रीकरण त्यातच असतं.

कॅमेरे सारखे बंद पडतात, त्यावर उपाय म्हणून 'एएमसी' घेतली जाते. वार्षिक देखभालीच्या या करारात बारीक अक्षरात जे वगळलेलं असतं ते असं : वीज कोसळणं, व्होल्टेज वरखाली होणं, उंदरांनी वायर कुरतडणं, मुंग्यांनी जंक्शन बॉक्समध्ये संसार थाटणं आणि पाणी शिरणं. म्हणजे शेतावर जे जे होतं, ते सोडून बाकी सगळी जबाबदारी कंपनीची! "उद्या पोरगा पाठवतो," असं कल्याणहून सांगितलं जातं. जुलैत उल्हास नदी चढली आणि वाटेवरचा रायत्याचा पूल बंद झाला, तर तो उद्या गणपतीनंतर उजाडतो.

पासवर्डचं तर कुणी नावच काढत नाही. बसवणाऱ्याने ठेवलेला 'ॲडमिन' वर्षानुवर्षं तसाच राहतो. अशाच आयत्या पासवर्डांच्या जोरावर 2016 साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि 21 ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्या फौजेत एखादा आपल्याकडच्या गोठ्यावरचा कॅमेराही लढला असेल. म्हशीला पत्ता नाही, मालकालाही नाही.

या आळशीपणात सामान्य माणूस एकटा नाही. प्रत्येक पोलिस ठाण्यात चालू कॅमेरे हवेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी दिला. सप्टेंबर 2025मध्ये, ते चालू नाहीत म्हणून न्यायालयालाच आपणहून दखल घ्यावी लागली.

एवढं सगळं पार पडून चोर खरंच दिसला, तरी कोर्टात नुसतं चित्र चालत नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद कचेरीतल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत गेला होता. अशा पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी याच खटल्यात ठरवलं. तिथे भांडण मिनिटांचं होतं. इथे डीव्हीआरमधला बटणाएवढा सेल संपला की पडद्यावर 1 जानेवारी 2000 उगवते आणि कालचा चोर पंचवीस वर्षं मागे जातो.

तेव्हा फार्महाऊसवाल्यांनी येत्या रविवारी झोपाळ्यावर बसण्याआधी डीव्हीआरचं घड्याळ जुळवावं, 'ॲडमिन' बदलावा आणि शिडी चढण्याचे पैसे वॉचमनच्या पगारात धरावेत. ते पैसे एएमसीपेक्षा नक्कीच कमी होतील, आणि पूल बंद असला तरी वॉचमन हजर असतो.