बाहेरची हवा, घरची हवा : द्रोणागिरीकर गृहस्थांस काही सूचना

लक्ष्मणासाठी नेमकी वनस्पती कोणती ते ओळखता येईना, म्हणून मारुतीरायाने अख्खा पर्वत उचलला आणि वाटेत त्याचा एक तुकडा उरणला पडला, असे इथले जुने लोक सांगतात. द्रोणागिरी नोडमधले रहिवासी इंटरनेटच्या बाबतीत आजही हीच पद्धत वापरतात. दोष कुठे आहे ते कळत नाही. मग प्लॅन बदलतात, राऊटर बदलतात, कंपनी बदलतात आणि शेवटी मुलाला म्हणतात, "तूच काहीतरी डाउनलोड केलं असशील." पर्वत जागेवर ठेवून वनस्पती शोधणे, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू आहे.

प्रथम हे मनावर बिंबवावे की हवेतून येणारे ब्रॉडबँड घेतलेल्या घरात दोन निरनिराळ्या बिनतारी वस्तू नांदत असतात. एक बाहेरची. 7 ऑगस्ट 2023 रोजी एअरटेलने मुंबईत आणि दिल्लीत एअरफायबर आणले, त्याच वर्षी गणेशचतुर्थीला, 19 सप्टेंबरला, जिओने आणले. तेव्हापासून ग्रिलला किंवा गच्चीच्या कठड्याला पांढरी पेटी लावण्याची प्रथा पडली. ही पेटी म्हणजे सिमकार्ड घातलेला, एका जागी बांधून ठेवलेला फोनच. ती बहुधा 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवरशी बोलते, आणि तो पट्टा कंपन्यांनी 2022 च्या लिलावात पैसे मोजून घेतलेला आहे. दुसरी वस्तू घरातली : वायफाय. ते 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झवर चालते. तिथे लिलाव नाही, मालक नाही, लायसन नाही. सरकारने 2.4 चा पट्टा 2005 साली सर्वांना मोकळा केला, 5 चा 2018 साली बराच रुंद केला. थोडक्यात, बाहेरची हवा विकत घेतलेली आणि घरची हवा फुकट. भांडणे फुकटच्या हवेत जास्त होतात, हे सांगायला शास्त्र लागत नाही.

या दोन हवांच्या मध्ये एक वायर असते. ती ग्रिलमधून आत येते, पडद्यामागून उतरते आणि राऊटरच्या पाठीत जाते. तिला कोणी विचारत नाही, पण निदान तिच्यापाशीच होते. लॅपटॉप घ्यावा, राऊटरला सरळ वायरने जोडावा आणि वेग मोजावा. वायरवर वेग भरपूर आणि बेडरूममध्ये गोगलगाय, तर दोष घरच्या हवेचा. वायरवरही रडारड, तर बाहेरच्या हवेचा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता कस्टमर केअरला फोन लावणाऱ्याला पाऊण तास 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकावे लागेल आणि ते त्याने निमूट ऐकावे.

दोष बाहेरचा निघाल्यास पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलचा जोर सांगणारा आरएसआरपी नावाचा आकडा पाहावा. तो नेहमी उणे असतो, म्हणून घाबरू नये. उणे 80 म्हणजे उत्तम, उणे 110 म्हणजे पेटीची जागा चुकली. पेटी टॉवरकडे तोंड करून हवी. आपल्याकडे ती समुद्राकडे तोंड करून लावतात, कारण तिकडे 'मोकळी हवा' असते. जेएनपीए बंदराच्या क्रेन आणि करंजाच्या होड्या इंटरनेट पुरवत नाहीत. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रडारलाही उगाच दोष देऊ नये. ती रडारे साधारण 3 आणि 9 गिगाहर्ट्झवर असतात, आपल्या वायफायशी त्यांचे वैर नाही.

गच्चीवर पेटी लावायची तर सोसायटीची परवानगी लागते, सेक्रेटरींचा मूड लागतो आणि गच्चीची किल्ली लागते. तिन्ही एकाच दिवशी मिळाल्यास तो दिवस सणासारखा साजरा करावा. खारी हवा मात्र गांभीर्याने घ्यावी. ग्रिलला जसा दोन पावसाळ्यांत गंज चढतो, तसा उघड्या जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. जोडणीवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी आणि वायर आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळातून टपकते, वायरीवरून थेट राऊटरच्या अंगावर येत नाही.

आता घरची हवा. नोडमधल्या नव्या टॉवरांची जाहिरात 'मायवान टेक्नॉलॉजी' अशी असते. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट सगळे काँक्रीटमध्ये ओतायचे, आत लोखंडी सळया. भिंतीला खिळा ठोकायला गेलेल्या माणसाला जो अनुभव येतो, तोच वायफायला येतो. बोकडवीरा, फुंडे या गावठाणांतल्या विटांच्या, कौलारू घरांत लहरी मजेत फिरतात. बाराव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये त्या हॉलमध्येच बसून राहतात. त्यात आपण राऊटर कुठे ठेवतो? टीव्हीमागे, शोकेसच्या काचेआड, शेजारी स्टीलचा कलश, आणि वर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल.

"आई, राऊटरवरचा रुमाल काढू का? तापतो तो."

"अगं, धूळ बसते. तुझ्या मीटिंगपुरता काढ, मग घाल परत."

रुमाल लहरी अडवत नाही, फक्त राऊटरला घाम आणतो. लहरी अडवतात ते स्टील आणि सळया. राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवावा. मध्यावर बहुतेकांच्या घरी देव्हारा असतो. यावर तडजोड काय करावी ते घराण्याने ठरवावे.

2.4 वर एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच : 1, 6 आणि 11. वीस मजली टॉवरमध्ये सगळे यातच बसतात. कोणी शहाणा 3 वर जाऊन बसला, की तो 1 लाही त्रास देतो आणि 6 लाही. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 वर चालतो, त्यामुळे पोळी गरम होईपर्यंत 2.4 वरचा व्हिडिओ कॉल थंड पडू शकतो. म्हणून कामाचे यंत्र 5 वर न्यावे आणि 2.4 स्मार्ट प्लग, जुने फोन, आजोबांचा टॅब यांच्यावर सोडावा. 5 वर 52 ते 144 यांतले चॅनेल निवडल्यास बहुतेक राऊटर सुरू होताना निदान एक मिनिट रडारची चाहूल घेत गप्प बसतात. याच एका मिनिटात घरातली तीन माणसे ते बंद करून पुन्हा चालू करतात.

काही जोडण्यांमध्ये बाहेरचा रेडिओसुद्धा याच मोकळ्या 5 गिगाहर्ट्झवर चालतो. तिथे बाहेरची हवा आणि घरची हवा एकच होते, आणि आपलाच राऊटर आपल्याच ब्रॉडबँडच्या मुळावर येऊ शकतो. बसवायला आलेल्या मुलाला चहा द्यावा आणि बाहेरचा चॅनेल विचारून घ्यावा. तो 149 च्या वर असेल तर घरातला 36 ते 48 मध्ये ठेवावा. चहाशिवाय हा आकडा मिळत नाही.

लॉफ्टवर पडलेला जुना राऊटर बेडरूमसाठी काढावा, असा विचार प्रत्येक घरात पहिल्या पावसाबरोबर उगवतो. विचार चांगला आहे, रीत चुकते. दोन्ही राऊटर स्वतःला 192.168.1.1 म्हणवून घेत असतात आणि दोघेही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायला बसतात. प्रिंटर एकाच्या हाताखाली, फोन दुसऱ्याच्या, आणि एकमेकांना ओळख नाही. जुन्याला आधी दुसरा पत्ता द्यावा, त्याचे पत्तेवाटप बंद करावे आणि वायर त्याच्या 'वॅन' नव्हे तर 'लॅन' भोकात घालावी. एवढ्याने तो मुकाट वायफाय पसरवत बसतो.

नेटवर्कचे नाव मराठीत ठेवावे. मात्र त्याला 32 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त धरून, तीन बाइट खाते. 'द्रोणागिरी' 30 बाइटमध्ये नेमके बसते. उरलेल्या दोनांत फ्लॅट नंबरही मावत नाही, आडनाव तर दूरच.

एवढे सगळे जमल्यावर समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागतात. 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत लोकल आली, त्याच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक ब्रोशरवर दोन्हींचे फोटो असतात. इमारत चढू लागते तसा आरएसआरपी उतरू लागतो. टॉवर स्लॅबमागे गेला, की पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवावी, तिथून दिसणाऱ्या दुसऱ्या टॉवरकडे वळवावी आणि आकडा पुन्हा वाचावा. पुढच्या वेळी फ्लॅट बघायला गेल्यावर सी-फेसिंगऐवजी टॉवर-फेसिंग मागावा. फक्त सेल्स ऑफिसमध्ये हे मोठ्याने बोलू नये. फ्लोअर राइझचे पैसे ते आधीच चौरस फुटामागे लावतात, आता सिग्नल राइझही लावतील.