दंतमूलपूरणमीमांसा

दाढेच्या मुळातली नळी टोकाशी जेमतेम पाव मिलिमीटर. पण तिच्यात काय कोंबावे आणि कसे, यावर दोनशे वर्षे खल चालू आहे. प्रस्तुत लेखकाने या शास्त्राचा अभ्यास उताणे पडून, आ वासून केला आहे. शंका विचारण्याची सोय नव्हती.

आधी अधिकारी-विचार. रोगी दोन जातींचे. पहिल्याच्या त्या नळीतली नस जिवंत असून सुजलेली असते. तो गार पाण्याला भितो आणि रात्री दोन वाजता घरच्यांना उठवतो. दुसऱ्याची नस मेलेली आणि आत जंतूंचा संसार. त्याला बर्फ लावला तरी कळत नाही, पण भाकरीचा तुकडा चावला की ब्रह्मांड आठवते.

आता द्रव्य. मलायातल्या एका झाडाचा चीक, गटापर्चा. १८५१ साली इंग्लिश खाडीखालून तारेची केबल गेली ती याच चिकाच्या वेष्टणात. गोल्फचे चेंडूही याचेच होत. १८६७ च्या सुमारास तो दातांच्या मुळांत शिरला. हल्ली नळीत भरतात त्या कांडीत मात्र तो पाचव्या हिश्शाइतकाच, बाकी मुख्यतः झिंक ऑक्साइड. आंबाबर्फीत आंबा असतो, तसा.

पूरणाचे संप्रदाय मुख्यतः तीन. सनातनी पक्ष लॅटरल कंडेन्सेशनचा. मुख्य कांडी आत बसली की टोकदार स्प्रेडर बाजूला खुपसून तिला सरकवायचे, झालेल्या फटीत बारकी कांडी, पुन्हा स्प्रेडर, पुन्हा कांडी. गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर हे शास्त्र कुठल्याही कॉलेजात न जाता जाणतो: 'पुढं सरका, आत जागा आहे.' आणि जागा निघते! दुसरा पक्ष बोस्टनच्या शिल्डर नावाच्या दंतवैद्याचा, १९६७ पासूनचा. त्यात कांडी तापवून मऊ करतात आणि वरून दाबतात, म्हणजे चीक गल्लीबोळांतही शिरतो. कधी तो मुळाच्या टोकाबाहेर डोकावतो. ते पाहून काही डॉक्टर हळहळतात, तर काही एक्स-रे उजेडाला धरून धन्य होतात. तिसरा पक्ष एकाच कांडीचा: भरपूर बायोसिरॅमिक सिमेंट आणि मध्ये बूच. यात वेळ फार वाचतो, म्हणूनच सनातन्यांना तो संशयास्पद वाटतो.

निर्णय वाचून तिन्ही पक्ष नाराज होतील. दात बरा होण्याच्या बाबतीत गरम आणि गार पूरणांत ठळक फरक हाती लागलेला नाही; गरम चीक टोकाबाहेर जास्त वेळा जातो, एवढेच. खरे पारडे फिरते ते भरण्याआधीच्या धुण्यावर. ते करते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे न्हाणीघरातल्या ब्लीचचे सख्खे भावंड. सुजलेल्या जिवंत नसेत जंतू अजून खोल गेलेले नसतात, म्हणून तिचे सहसा लवकर आटोपते. मेलेल्या नसेवाल्याला कधी कधी चुन्याच्या जातीचे औषध आत भरून आठवडाभर घरी पाठवतात. आणि वरच्या पहिल्या दाढेत लपलेली चौथी नळी सापडलीच नाही, तर उरलेल्या तिघींत कोणत्याही संप्रदायाने काहीही भरा.

हा सिद्धांत मी खुर्चीतच मांडायला घेतला होता. डॉक्टरांनी विचारले, "दुखतंय का?" आणि दातावर ताणलेल्या रबरी पडद्यामागून माझा समग्र उत्तरपक्ष 'आँ' एवढाच नोंदला गेला. त्यांनी भूल वाढवली.