मुकेशचं मध्यंतर

फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट थिएटरात सक्तीने दाखवले जात, तेव्हा आपला प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर विडी ओढून सत्कारणी लावी. मग सरकारने विडीवरच चित्रफीत काढली. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूविरोधी फीत सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्याला, अशी दोनदा दाखवणं बंधनकारक झालं. पडद्यावर आला भुसावळचा मुकेश. गुटखा, तोंडाचा कर्करोग आणि २००९ साली, चोविसाव्या वर्षी मृत्यू. खान्देशचं पोर देशाला सावध करायला निघालं. देशाने त्याच्या नावाचे विनोद केले आणि पॉपकॉर्न आणायला उठला.

२०१२ सालीच महाराष्ट्रात गुटखाबंदीही आली. टपरीवर तोडगा तयार होता: एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, मिसळायचं गिऱ्हाइकाने, स्वतःच्या तळहातावर. पानमसालाही त्याच बंदीत होता, म्हणून पुडी गल्ल्यावरून गल्ल्याखाली गेली. धुळ्याकडे महामार्गावर गुटख्याची गाडी पकडल्याच्या बातम्या अजून येतातच.

सिनेमांची जुनी रिळं जपायला पुण्यात सरकारी संग्रहालय आहे, वातानुकूलित. मुकेशच्या फितीला त्याची गरज नाही. तिचा विषय आपण सगळे मिळून ताजा ठेवतो आहोत, तोही सरकारी अनुदानाशिवाय.