आधी विजार मोज्यात खोचा

जर्मनीतल्या जंगलात रात्र काढायची म्हटलं, की मराठी पाहुण्याचा पहिला प्रश्न लांडग्याचा असतो. उत्तर श्वार्त्सवाल्डात (ब्लॅक फॉरेस्टमध्ये) लांडगा क्वचितच, आणि जो आहे त्याला माणसांत काडीचा रस नाही. दुसरा प्रश्न सापाचा. तोही तिथे लाजाळू. तिसरा प्रश्न संडासाचा, आणि तो ठरलेल्या मुक्कामाच्या जागी असतो. गोचिडाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. गोचीड गुरांना लागतो, माणसांना नाही, अशी आपली पक्की समजूत. श्वार्त्सवाल्डातल्या गोचिडांना या समजुतीची कल्पना नाही.

स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा, कामाला जाणारी सूनबाई आणि मे महिन्यात कराडहून उतरलेले आई-वडील, असा जथा त्या भागात दर उन्हाळ्यात हटकून दिसतो. त्यांतलाच एक इथे घेऊ. वडील म्हणजे अण्णा, आई म्हणजे माई. अण्णा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. म्हशीच्या कासेवरचे गोचीड काढण्यात अर्धी नोकरी गेलेली. त्यामुळे सूनबाईने निघण्याआधी गोचिडावर भाषण सुरू केलं, तेव्हा ते नुसते हसले. “गोचिडाचं मला सांगतेस?”

जर्मनीत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. श्वार्त्सवाल्डात ठरावीक जागा आहेत, त्या आधी आरक्षित कराव्या लागतात आणि तिथवर पायीच जावं लागतं. अडचण इतकीच, की पायवाटेच्या दोन्ही कडांना उंच गवत असतं आणि गोचिडाची बैठक नेमकी तिथे. तो झाडावरून अंगावर पडतो ही समजूत जर्मन आज्ज्यांमध्येही आहे, पण ती खोटी. तो उडत नाही, उड्या मारत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाला चढून, पुढचे दोन पाय हवेत पसरून तो बसून राहतो. त्या पुढच्या पायांवरच त्याचं वास घेण्याचं इंद्रिय असतं. आपला उच्छ्वास, अंगाची ऊब, घामाचा दर्प, सगळं त्याला तिथे कळतं. विजार गवताला घासली, की तो विजारीवर. पुढचा प्रवास सावकाश आणि वरच्या दिशेने.

म्हणून नियम असा, की विजार मोज्यात खोचायची आणि कपडे फिकट रंगाचे घालायचे, म्हणजे अंगावर चढलेला दिसतो. अण्णांचा पांढरा पायजमा आयुष्यात प्रथमच शास्त्रशुद्ध ठरला. माईंनी मात्र सलवार मोज्यात खोचायला साफ नकार दिला. “लोक काय म्हणतील?” जंगलात लोक नव्हते. समोरून एक जर्मन जोडपं आलं, त्या दोघांच्याही विजारी मोज्यांत होत्या आणि वर सँडल. माईंनी झाडाआड जाऊन सलवार खोचली.

माईंच्या पर्समध्ये ओडोमॉस होतं. त्याच्या वेष्टनावर डास आहे, गोचीड नाही, हे मुलाने दाखवून दिलं आणि औषधांच्या दुकानातून आणलेली फवाऱ्याची बाटली काढली. युरोपात या कामाला मुख्यतः दोन रसायनं चालतात. एक डीट, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी शोधलेलं. दुसरं इकारिडिन, १९८०च्या दशकात बायर कंपनीने तयार केलेलं. मुलाच्या बाटलीत डीट होतं. डास आणि गोचीड त्याला बिचकतात, पण ते प्लास्टिकही मऊ करतं, हे बाटलीमागच्या बारीक अक्षरांत असतं आणि बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो. अण्णांनी फवारा तळहातावर घेतला, मानेला चोळला आणि त्याच हाताने चष्मा काढून पुसला. चष्म्याच्या काडीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो कायमचा. सातबाऱ्याच्या कामाला उपयोगी पडेल, असं माई म्हणाल्या.

गोमाश्यांना यातलं फारसं काही कळत नाही. तळ्याकाठी उन्हात बसावं, की त्या कपड्यावरूनच डंख करतात. त्यांचं तोंड टोचणारं नसून कापणारं असतं, त्यामुळे चावा लगेच कळतो. डासासारखा शिष्टाचार त्यांच्याकडे नाही.

संध्याकाळी शिधा उघडला. सूनबाईने आणलेल्या गुळपोळीवर एक भलीमोठी गांधीलमाशी येऊन बसली. अण्णांनी सवयीने चप्पल उचलली आणि मुलाने त्यांचा हात हवेतच धरला.

“अण्णा, मारू नका! दंड होतो.”

“माशी मारल्याबद्दल?”

“पन्नास हजारांपर्यंत.”

“रुपये?”

“युरो.”

यात अतिशयोक्ती नाही. ही मोठ्या जातीची गांधीलमाशी, होर्निस, जर्मनीत १९८७पासून विशेष संरक्षित आहे, आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तिला मारल्याच्या दंडाची कमाल मर्यादा ५०,००० युरो सांगितली जाते. अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार केला, चप्पल पायात घातली आणि गुळपोळी तिच्यापुढे सरकवली. चार जणांनी कराडची गुळपोळी खाताना एका जर्मन माशीकडे इतक्या अदबीने पाहिल्याचा प्रसंग तसा दुर्मीळच.

रात्रीचा कार्यक्रम म्हणजे तपासणी. युरोपातल्या जंगलमुक्कामाचा खरा गाभा हाच, आणि प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात नेमका तोच नसतो. गुडघ्यामागची खळगी, काख, जांघ, कानामागे, केसांची कड, सगळं बॅटरीच्या उजेडात पाहायचं. ज्या घरात सासऱ्याने सुनेपुढे कधी पायजमा घोट्याच्या वर घेतला नाही, तिथे हा प्रकार सोपा नाही. शेवटी दोन तंबू, दोन खाती अशी विभागणी झाली. माईंनी अण्णांना पालथं झोपवलं आणि दहा मिनिटांनी हाक आली, “अहो, हा तीळ तुम्हाला आधी होता का?”

तीळ नव्हता. डाव्या गुडघ्याच्या मागे खसखशीएवढा काळा ठिपका होता आणि त्याला पाय होते. अण्णांना आधी पटेना. त्यांच्या अनुभवातला गोचीड रक्त पिऊन टम्म फुगलेला, चिमटीत मावणारा. हे तर त्याचं पिल्लू. पण माणसांना आजार देण्यात हे पिल्लूच पुढे असतं, कारण ते दिसत नाही. चावलेलंही कळत नाही. त्याच्या लाळेत जागा बधिर करणारं द्रव्य असतं, रक्त गोठू न देणारं असतं, आणि सोंडेला उलटे काटे असतात.

अण्णांनी पडल्या पडल्या हुकूम सोडला, “रॉकेल आणा. नाहीतर खोबरेल लावा, आपोआप सुटेल.” इथे मात्र सूनबाईने सासऱ्यांचं चालू दिलं नाही. तेल, डिंक, नेलपॉलिश, काहीही लावायचं नाही. गोचीड गुदमरला, की पोटातलं आपल्या रक्तात ओकतो. तिने बँकेच्या कार्डाएवढं एक प्लास्टिकचं कार्ड काढलं, त्याच्या कोपऱ्याला चीर असते. ती चीर कातडीलगत सरकवून गोचीड सावकाश, सरळ वर ओढला. मग जागा पुसली, बॉलपेनने गोल काढला आणि बाजूला तारीख लिहिली. निवृत्त पशुधन पर्यवेक्षकाच्या पायावर शिक्का मारल्यावर माईंना हसू आवरेना.

तारीख लिहिण्याला कारण आहे. गोचिडातून येणाऱ्या लाइम आजाराचा जंतू अंगात शिरायला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात, म्हणूनच तर त्याच रात्री शोधायचं. पुढे तीन ते तीस दिवसांत चाव्याभोवती लाल चट्टा पसरत गेला, तर डॉक्टर गाठायचा. प्रतिजैविकांनी आजार बरा होतो. सावळ्या कातडीवर हा लाल रंग नीट उठून दिसत नाही, ही गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवायची. घाबरून जाण्यासारखं मात्र काही नाही. रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे शंभर चाव्यांमागे एखाद्यालाच हा आजार होतो. आजारही काही नवा नव्हे. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ओत्झी नावाच्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या देहातही याच जंतूच्या खुणा २०१२ मध्ये आढळल्या. जंतूचं नाव मात्र पडलं विली बुर्गडॉर्फर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञावरून. त्याने तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोचिडाच्या आतड्यात पाहिला.

दुसरा आजार मेंदूज्वराचा. त्याचा विषाणू चाव्यानंतर काही मिनिटांतच उतरतो आणि त्यावर औषध नाही, लस आहे. हे ऐकताना अण्णा ताठ बसले. दोडामार्गच्या काजूबागांतला माकडताप त्यांनी वर्तमानपत्रांत वाचला होता. तोही गोचिडामुळेच होतो आणि दोन्ही विषाणू एकाच कुटुंबातले. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडतापाचा पत्ता लागला, आणि तो विषाणू ओळखणारी प्रयोगशाळा पुण्याची. “म्हणजे भाऊबंदच की आपले,” अण्णा म्हणाले, आणि कार्डाचा ताबा त्यांनी स्वतःकडे घेतला. पुढची तपासणी सगळ्यांची त्यांनीच केली, नोंदवहीसकट.

ऑस्ट्रियात मेंदूज्वराची लस १९७० च्या दशकापासून देतात आणि बहुतेक सगळ्यांनी ती किमान एकदा तरी घेतलेली असते. बाडेन-व्युर्टेमबर्गचे जवळजवळ सगळे जिल्हे जोखमीच्या यादीत आहेत. तेव्हा ज्यांचे आई-वडील येत्या मे महिन्यात येणार आहेत, त्यांनी तिकिटाबरोबर डॉक्टरांकडे लशीचीही चौकशी करावी. पहिल्या दोन डोसांत साधारण एक ते तीन महिन्यांचं अंतर असतं आणि तिसरा त्यानंतर किमान पाच महिन्यांनी. पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा फार तर ९० दिवसांचा. म्हणजे तिसऱ्या डोससाठी त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावंच लागेल. माईंनी हे सूनबाईला दोनदा समजावून सांगितलं आहे.