सक्तीचं स्वातंत्र्य

अमेरिकेतला बंदुकीचा वाद म्हणजे चाळीतलं नळावरचं भांडण: पाणी केव्हाच गेलेलं असतं, हंडे मात्र आपटतच असतात. १९८१ साली इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन ग्रोव्ह गावाने पिस्तुलांवर बंदी घातली. ती ऐकून दूर जॉर्जियातल्या केनेसॉ नगरपरिषदेचं पित्त खवळलं. १९८२ मध्ये तिने उलटा ठराव केला: प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक ठेवलीच पाहिजे, तीही काडतुसांसकट.

म्हणजे जो हक्क छाती काढून मिरवायचा, तोच लोकांच्या गळ्यात बांधला. मग सवलतींची यादी आली: अपंग, गरीब, गुन्हेगार, शिवाय ज्यांचं तत्त्व किंवा धर्म आडवा येतो ते. ज्याला बंदूक नको, त्याने ‘तत्त्वात बसत नाही’ म्हणायचं, की सुटला! सक्ती असावी तर अशी. माळ्यावर बंदूक आहे का हे बघायला शिपाईही कधी फिरकला नाही.

तिकडे मॉर्टन ग्रोव्हचीही बंदी टिकली नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजधानी वॉशिंग्टनची पिस्तूलबंदी मोडीत काढली आणि कोर्टकचेरीच्या धास्तीने गावाने आपला नियम मुकाट गुंडाळला. या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतलं, शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दलचं एकच वाक्य. त्यातल्या स्वल्पविरामांवर वकिलांच्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या.

एका गावाला बंदी राखता आली नाही, दुसऱ्याला सक्ती राबवायचीच नव्हती. पण दोघांचंही नाव जगभर झालं. गोळी न झाडता एवढा आवाज काढणं, यालाच बहुधा नेमबाजी म्हणत असावेत.