घेरल्या गेलेल्या गड्याने सुटावे कसे

एअरसॉफ्टच्या, म्हणजे खोट्या बंदुकांनी छर्रे मारण्याच्या खेळाच्या, मैदानात माणूस कोंडीत सापडतो तो बहुधा आपल्याच पायांनी चालत जाऊन. शिट्टी होते, सगळे पळतात म्हणून आपण पळतो, दिसेल त्या पहिल्या झाडामागे बसकण मारतो आणि मग ध्यानात येते की झाड आपल्या मांडीहून बारीक आहे आणि समोरच्या झुडपात कोणीतरी खास आपल्यासाठी मुक्काम ठोकला आहे. पुढील मार्गदर्शन अशा बसलेल्या गड्यांसाठी आहे. जे अजून उभे आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही. थोड्या वेळाने तेही बसतील.

आधी प्रसंगाचे गांभीर्य नीट मोजून घ्यावे. आपण आहोत जपानात, तोक्योशेजारच्या चिबा प्रांतातल्या एखाद्या बांबूच्या रानात, रविवारी सकाळी. या खेळाचे माहेर हेच. सामान्य नागरिकाला खरे पिस्तूल बाळगू न देणाऱ्या या देशाने खोट्या बंदुकीचे जेवढे लाड केले तेवढे कोणीच केले नसतील. तोक्यो मारुई या खेळण्यांच्या कंपनीने १९९१ साली फ्रेंच फामास रायफलची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. चाप दाबून धरला की छर्र्यांची सर सुरू, अशी सोय तेव्हापासून कोणाही कारकुनाला झाली आणि कोंडीत सापडण्याचे प्रमाण अर्थातच वाढले. छर्रा ६ मिलिमीटरचा, वजन साधारण ०.२ ग्रॅम. २००६ च्या कायद्याने बंदुकीची ताकद ०.९८ ज्यूलच्या आत ठेवावी लागते. म्हणजे एवढ्या वजनाचा छर्रा सेकंदाला ९९ मीटरच्या पुढे जाता कामा नये. सकाळी खेळ सुरू होण्याआधी बंदुका यंत्रावर तपासतात. तेव्हा झुडपातल्या इसमाकडे तुमचा जीव घेण्याचे साधन नाही, फार तर दंडावर एक लालबुंद गांध उठवण्याचे आहे. हे बुद्धीला पटते. गुडघ्यांना पटायला वेळ लागतो.

आता पहिली कृती: काहीही करू नका. विशेषतः चष्मा काढू नका. घाबरलेला माणूस तोंडाने श्वास घेतो, मुखवट्यातली वाफ वर चढते आणि काच धुरकट होते. समोरचा शत्रू दिसेनासा झाल्यामुळे क्षणभर बरे वाटते, पण मग काच पुसण्यासाठी हात वर जातो. तो हात तिथेच आवरावा. मैदानात असेपर्यंत चष्मा डोळ्यांवरच राहतो, हा एकच नियम या लेखात विनोदाशिवाय सांगितला आहे. काच निवळेपर्यंत नाकाने सावकाश श्वास घ्यावा, आणि घरी गेल्यावर वाफ न धरणारा चष्मा मागवावा.

दुसरी गोष्ट आडोशाची. युद्धपटांवर वाढलेल्या माणसाला वाटते की झुडूप नुसते लपवते आणि भिंत वाचवते. इथे तो हिशेब उलटतो. वाऱ्याने भरकटावा एवढा हलका छर्रा, त्याला बांबूचे एक फोक किंवा दाट पानांचा पडदा आडवा आला की त्याचा पराक्रम तिथेच आटोपतो. म्हणून बारीक झाडामागे पोट आत ओढून उभे राहण्यापेक्षा दाट झुडपामागे ऐसपैस लोळणे शास्त्रशुद्ध. अडचण इतकीच की पाने दोन्ही बाजूंनी सारखीच निष्ठेने काम करतात. तुमचा छर्राही बाहेर पडत नाही. दोन गडी दोन झुडपांत बसून एकमेकांच्या पानांना मारत आहेत, हे या खेळातले नेहमीचे दृश्य आहे आणि त्यात दोघांनाही वाटत असते की आपण समोरच्याला कोंडले आहे.

खरी सुटका कानाने होते. विजेच्या बंदुकीतले छर्रे संपले तरी तिची मोटर थांबेलच असे नाही. समोरून घर्रर्र ऐकू येते आहे पण आपल्या पानांवर टपटप काही पडत नाही, असे झाले की समजावे, गडी रिकामा आहे आणि त्याला स्वतःला ते अजून कळलेले नाही. हा क्षण सोन्याचा. दुसरा आवाज आणखी गोड. शेकडो छर्रे मावणारी जी मोठी मॅगझिन असतात, त्यांच्या बुडाशी दातेरी चाक असते. आतल्या स्प्रिंगचा जोर उतरला की ते अंगठ्याने फिरवावे लागते, आणि ते फिरवताना चावीच्या खेळण्याला किल्ली द्यावी तसा कर्रकर्र आवाज रानभर होतो. पन्नाशीला आलेला एखादा विभागप्रमुख अंगावर पाच हजार येनांचा अदृश्य करणारा पोशाख घालून झुडपात कर्रकर्र करत बसलेला असतो. कर्रकर्र ऐकताच उठावे.

उठून कुठे जावे? उजवीकडे. कारण सांगतो. बहुतेक माणसे उजव्या खांद्याला बंदूक लावतात, म्हणून झाडाच्या त्यांच्या उजव्या अंगाने डोकावतात, म्हणजे आपल्याला ती डाव्या हाताला दिसतात. आपण आपल्या उजवीकडे सरकलो की त्यांचेच झाड त्यांच्या नजरेच्या आड येते. मग त्यांना बंदूक खांदा बदलून धरावी लागते किंवा बाहेर यावे लागते, आणि दोन्ही कामे चाळिशीनंतर सावकाश होतात. समोरचा डावखुरा निघाला तर तुमचे नशीब. त्यावर या शास्त्रात तोडगा नाही. धावायचे तेही एका दमात एकदा 'गणपती बाप्पा मोरया' म्हणून होईल एवढेच. तेवढ्यात पुढचा आडोसा येत नसेल तर निघूच नये. लोळण घेणे, कोलांटी मारणे हे प्रकार पडद्यावरच्या नायकांसाठी राखून ठेवावेत, कारण त्यांच्या खिशातून मोबाइल पडत नाही. आणि एकदा ज्या जागेवरून डोके काढले तिथून पुन्हा काढू नये. झुडपातल्या माणसाला दुसरे कामधंदे नाहीत. त्याने ती जागा हेरून ठेवलेली असते.

जोडीदार असेल तर एकाने मारायचे आणि दुसऱ्याने सरकायचे, मग पाळी बदलायची. यासाठी बोलावे लागते, आणि इथे मराठी माणसाची चंगळ आहे. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला आपली आयटीवाली मंडळी बक्कळ. नदी ओलांडली की चिबा. "अरे, मी दाबून धरतो, तू खालच्या अंगाने नीघ!" असे खुशाल ओरडावे, जपानी फौजेला काडीचाही बोध होत नाही. धोका एकच. नेहमीच्या खेळाच्या दिवशी आलेल्या सगळ्यांच्या दोन फळ्या पाडतात, एकीच्या दंडाला लाल पट्टी, दुसरीच्या पिवळी. कधी कधी आपल्याच इमारतीतले देशपांडेकाका पिवळ्यांत जातात, आणि झुडपातून आवाज येतो, "नीघ रे नीघ, खालच्या अंगाला मीच बसलोय!"

आपल्यातला एखादा अशा वेळी पावनखिंड काढतोच. १६६० सालचा दाखला चोख आहे: मूठभरांनी वाट अडवून धरायची, बाकीच्यांनी निसटायचे. फक्त खिंडीत थांबणार कोण, एवढे विचारले की सगळ्यांना एकाच वेळी बुटाची नाडी बांधायची असते. ज्याने दाखला दिला त्यालाच थांबवावे. तो नाही म्हणूच शकत नाही.

वाट पाहणे हाही डावपेचच. डाव साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो. मुलाखतीतल्या उमेदवारासारखे चेहऱ्यावर भाव ठेवून तेवढा वेळ बसून राहिले तर शिट्टीच तुम्हाला सोडवते, आणि नंतर "मी त्यांचा एक माणूस पूर्ण वेळ अडकवून ठेवला" असे सांगता येते. ही गोष्ट खोटी नाही. हिवाळ्यात तर वेळ आपल्याच बाजूने असतो: गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलांचा दाब थंडीत उतरतो, आणि शत्रूचा छर्रा मधल्या वाटेत विचारात पडल्यासारखा खाली येतो.

एक मार्ग मात्र निषिद्ध. पेंटबॉलसारखा इथे कपड्यावर रंग उमटत नाही. छर्रा लागला की आपणच "हिट!" म्हणून ओरडायचे, हात वर करायचा आणि बाहेर पडायचे. बंदुकीला लागला तरी बहुतेक ठिकाणी तेच, आपल्याच माणसाचा लागला तरी तेच. लागूनही न लागल्यासारखे खेळत राहणाऱ्याला जपानी खेळाडू 'झोंबी' म्हणतात. झोंब्याला कोणी कोंडत नाही हे खरे, पण दुपारी त्याच्या टेबलावरही कोणी बसत नाही.

आणि आता ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात तो उपाय. वरचे सगळे फसले तर उठावे, शांतपणे आडोशाबाहेर यावे आणि समोरच्या माणसाला त्याचे काम करू द्यावे. एक टचका, एक "हिट!", हात वर, आणि इतका वेळ ज्या वाटेने जाता येत नव्हते त्याच वाटेने, शत्रूच्या समोरून, ताठ मानेने चालत जाता येते. कोणी मारत नाही. उलट वाट देतात. कोंडी फोडण्याचा याहून वेगवान मार्ग मला तरी माहीत नाही.

एवढेच की वेळ साधावी. चिबातल्या पुष्कळ मैदानांवर दुपारच्या जेवणाला करी-भात असतो, आणि दुपारआधीचा शेवटचा डाव सुरू असताना जो लवकर मरतो तो रांगेत पुढे लागतो. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. तिथल्या तयार करीच्या मसाल्यात बहुधा प्राण्यांची चरबी असते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. देशपांडेकाकांना एक द्यावी, म्हणजे दुपारच्या डावात ते कुठल्या झुडपात बसणार आहेत ते बोलता बोलता कळते.