शून्य शून्य शंभर

‘कॉल ऑफ क्थुलू’ या १९८१च्या खेळात शंभरापैकी आकडा काढायला दहा बाजूंचे दोन फासे टाकतात: एकावर ०० ते ९० हे दशक, दुसऱ्यावर ० ते ९ हे एकक. ७० आणि ३ म्हणजे ७३, इथवर सगळेच सज्ञान. ०० आणि ० पडले की मात्र धर्मसभा भरते. रूढी सांगते, हे १००. सुधारक म्हणतात, एककाचे शून्य नेहमी दहाच धरा. मग हे १०, आणि शंभराला ९० व ० हवेत. सुधारकांच्या रीतीत अपवाद नाही हे खरे, पण समोर ७० आणि ० दिसत असताना ८० म्हणायला छाती लागते. न्याय दोन्हींत सारखाच: शंभर जोड्या, शंभर आकडे.

मग भांडण कशाला, असे कोणी विचारेल. कारण इथे लहान आकडा शुभ आणि १०० म्हणजे सर्वनाश, म्हणून फासे थांबल्यावर रीत आठवते. सोयीने निवडणाऱ्याचे ००-० दहा होतात, ९०-० नव्वदच राहतात आणि शंभर जगातूनच नाहीसा होतो! शंभर बाजूंचा एकच फासा घ्यावा, तर लू झोकी यांनी बनवलेला तसा फासा १९८५ पासून आहे. पण तो जवळजवळ चेंडूच. घरंगळून थांबला, की वरची बाजू कोणती यावर सभा पुन्हा सुरू.